पेपर आधी वाचा, मग मार्जिन मोजा

संशोधन करायला माझी ना नाही. डेटा पुन्हा पुन्हा तपासायला, एकेक वाक्य खोडून नव्याने लिहायला, गाईडच्या लाल शेऱ्यांना उत्तरं द्यायलाही ना नाही. पण हे सगळं उरकल्यावर पेपर जर्नलकडे, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाकडे, पाठवण्यासाठी फॉरमॅटिंगची जी हमाली करावी लागते, तिने माझं डोकं फिरतं. त्या हमालीचा विज्ञानाशी काडीचा संबंध नाही.

संदर्भसूचीच घ्या. एका जर्नलला आडनाव आधी, मग आद्याक्षरं, आणि आद्याक्षरांपुढे टिंब नको. दुसऱ्याला टिंब हवंच. एकाला वर्ष कंसात लेखकांच्या नावापाठोपाठ लागतं, दुसऱ्याला खंड क्रमांकाच्या आधी. कुणाला जर्नलचं पूर्ण नाव पाहिजे, कुणाला संक्षिप्त, आणि संक्षिप्त नावात टिंबं द्यायची की नाही यावरही प्रत्येकाचं वेगळं. कुठे सहा नावांनंतर 'आणि इतर', कुठे तीन नावांनंतर, आणि एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) नियमावलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे जायचं तर तब्बल २० लेखकांपर्यंत सगळी नावं लिहायची. संदर्भ सांभाळणारी झोटेरोसारखी सॉफ्टवेअर ज्या खुल्या संग्रहातून स्टाइल उचलतात, तिथे १०,०००हून जास्त स्टाइल फाइल्स आहेत. त्यातल्या पुष्कळ एकमेकींच्या नकला आहेत, हे मान्य. तरी एवढा पसारा कुणासाठी? वाचणाऱ्याला मूळ पेपर सापडला की झालं. त्यासाठी डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक, पुरतो, आणि ती सोय २००० सालापासून आहे. डीओआय दिला की लेखक, वर्ष, खंड, पानं सगळं मशीन स्वतः ओढून आणतं.

सॉफ्टवेअर आहे ना, मग बटण दाबा, असं सांगणारे भेटतात. त्यांनी एकदा दाबून बघावं. जुन्या पेपरांची नावं सगळी कॅपिटलमध्ये येतात, प्राण्यांची लॅटिन नावं तिरप्या अक्षरांतून सरळ होतात, कॉन्फरन्सच्या नोंदीत पानांचे आकडेच नसतात. मग बसा एकेक ओळ हाताने नीट करत. वैतागून ते केलं, की जर्नलकडून निरोप येतो की आमची स्टाइल नुकतीच बदलली आहे.

१९७८ साली काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला एकत्र बसले होते, ते याचसाठी. प्रत्येक जर्नलचा हट्ट वेगळा नको, हस्तलिखिताचा एकच साचा सगळीकडे चालू दे, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा लोक टाइपरायटरवर लिहीत होते. त्या माणसांना जे कळलं ते आज, सगळं काम कॉम्प्युटरवर होत असताना, पेपर जमा करायची ऑनलाइन पोर्टलं चालवणाऱ्यांना का कळत नाही? डबल स्पेसिंग अजून मागतात. दोन ओळींमध्ये पेन्सिलीने दुरुस्त्या करायला जागा लागायची, म्हणून ती पद्धत होती. आता कोण पेन्सिल घेऊन बसतंय?

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? हा सगळा खटाटोप पुढे फेकूनच दिला जातो. पेपर स्वीकारला की प्रकाशकाची माणसं तो एक्सएमएल या मशीनला वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये घालतात, त्यांच्या साच्यात नव्याने जुळवतात. आपला फाँट, आपलं मार्जिन, आपली शीर्षकांची पातळी, यातलं काहीही उरत नाही. संदर्भसुद्धा तुकडे करून पुन्हा बांधतात. आणि पेपर नाकारला, तर ते सगळं तसंही वायाच. म्हणजे दोन्हीकडून आपलेच तास पाण्यात.

नकार बऱ्याचदा रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत, न जाताच येतो. संपादक शीर्षक आणि सारांश बघतात आणि कळवतात की विषय आमच्या कक्षेत बसत नाही. ठीक आहे, तो त्यांचा अधिकार. पण हे सांगायला त्यांना माझ्या टिंबांची गरज होती का? तेवढ्यासाठी साधी एक पीडीएफ पुरली असती.

मग दुसरं जर्नल, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. २५० शब्दांचा सारांश १५० शब्दांत कोंबा, वर त्याचे उद्देश, पद्धती, निकाल, निष्कर्ष असे चार कप्पे करा. आधी आकृत्या मजकुरात होत्या, आता शेवटी हव्यात. फोटो ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) टिफ फाइलमध्ये, रेषांच्या आकृत्या १००० डीपीआयच्या. 'हायलाइट्स' नावाचे तीन ते पाच मुद्दे, प्रत्येकी ८५ अक्षरांत, मोकळ्या जागा धरून. ८६ झाली की पोर्टल पुढे सरकू देत नाही.

आणि ते पोर्टल! शीर्षक फाइलमध्ये आहे, तरी पुन्हा टाइप करा. सारांश पुन्हा चिकटवा, त्यात ग्रीक अक्षरं असतील तर ती चौकोन होऊन बसतात. सगळ्या सहलेखकांची नावं, ईमेल, विभाग, ऑर्किड क्रमांक एकेका चौकटीत भरा. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, २०१२ साली निघालं, ते संशोधकाची ओळख पक्की व्हावी आणि ही माहिती परत परत भरावी लागू नये म्हणून. शेवटी पोर्टल स्वतःची पीडीएफ बनवतं, ती उघडली की आकृती तीन आडवी झोपलेली असते आणि समीकरण गायब असतं. रात्री उशिरा एकदाचं सबमिट होतं. मग काही दिवसांनी पेपर परत येतो, कारण ओळींना क्रमांक नाहीत.

सरसकट सगळंच नको म्हणत नाही मी. नैतिक मंजुरी, हितसंबंध, डेटा कुठे मिळेल, कुणी काय काम केलं, हे विचारलंच पाहिजे. शब्दमर्यादाही हवी, रिव्ह्यूअर फुकट वेळ देतात, त्यांच्या माथी रद्दी मारू नये. निनावी परीक्षण असेल तर नावं काढायलाही माझी तक्रार नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. स्वल्पविरामाच्या जागेला नाही.

२०१९ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये याच विषयावर एक सर्वेक्षण छापून आलं. ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारलं होतं. एका पेपरच्या नुसत्या फॉरमॅटिंगला मध्यक १४ तास, आणि पगाराच्या हिशोबाने ४७७ डॉलर. हे तास भरतं कोण? मोठ्या प्रयोगशाळेत त्यासाठी माणूस असतो. बाकी सगळीकडे पीएचडीचा विद्यार्थी असतो, ज्याची फेलोशिप संपत आलेली असते आणि ज्याला बऱ्याचदा प्रबंध जमा करायला आधी पेपर लागतो. त्याने या १४ तासांत एक प्रयोग पुन्हा करून बघितला असता, राहिलेलं विश्लेषण पूर्ण केलं असतं. खुल्या प्रकाशनासाठी हजारो डॉलर घेणाऱ्या प्रकाशकांना पहिली छाननी साध्या फाइलवर करणं परवडत नाही, हे मी मानायला तयार नाही.

काही जर्नलं आता पहिल्या खेपेला कुठल्याही फॉरमॅटमधला पेपर घेतात. त्यांचं काम काही अडलेलं नाही. म्हणजे हे जमतं. बाकीच्यांनीही तेच करावं: आधी वाचा, रिव्ह्यूला पाठवा, स्वीकारा, आणि मग काय ती टिंबं मागा, एका बैठकीत देते. तोवर मी माझ्यापुरतं ठरवलंय, आमच्या ग्रुपमधल्या पोरांनाही सांगितलंय: जर्नल निवडताना इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो, त्या आकड्याच्या) आधी लेखकांसाठीच्या सूचना उघडायच्या. पहिल्याच खेपेला टिंबं मागणारं जर्नल यादीत सगळ्यात खाली.