‘गो’ गेला कुठं?

रात्रीचे साडेनऊ. कुकर घासायचा राहिलाय आणि सकाळी पोराची इंग्रजीची चाचणी. पाचवीतला गडी ओट्याला टेकून विचारतोय, "आई, कटचं पास्ट काय?"

"कट."

"आँ?"

"कटचा कटच. मिसळीत घाल न्हाईतर इंग्रजीत, बदलत न्हाई."

हे त्याला पटलं. पुटचं पुटही त्यानं गोड मानून घेतलं. गाडी अडली ती रीडवर. स्पेलिंग तेच, म्हणायचं मात्र रेड. "म्हणजे लाल?" "लाल न्हवं रं, वाचलं!" मग त्यानं स्वतःच नियम काढला. थिंकचं थॉट, तर ड्रिंकचं ड्रॉट. नाही बाबा, ड्रँक. मग ब्लिंकचं ब्लँक? तेही नाही, ब्लिंक्ड. सख्खे भाऊ वाटणी झाल्यावर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तशी गत.

म्हटलं, नुसतं ईडी लागणारी तरी सोपी असतील. मी शाळेत वॉकेड, वॉशेड असं ठासून शिकलेली. मोबाईलमधली बाई वॉक्ट, वॉश्ट म्हणते, प्लेला नुसता ड लावते आणि वाँटलाच काय ते 'इड' पुरतं म्हणते. "आई, तूच चुकतीस," पोरगं खूश.

"आणि गोचं वेंट कसं? गो गेला कुठं?"

हा प्रश्न मला आवडला. वेंट हे मूळचं वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं पोर, गोच्या घरी दत्तक आलेलं. दत्तक म्हटल्यावर कोल्हापुरात जास्त फोड करावी लागत नाही. शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटग्यांकडून दत्तकच आले की. पोरानं मान डोलावली आणि लगेच वहीत लिहिलं, 'आय डिडन्ट वेंट'. डिड आला की भूतकाळाचं ओझं तोच उचलतो, पुढच्यानं मोकळ्या हातानं चालायचं, हे गळी उतरवायला दहा मिनिटं आणि एक धपाटा लागला. (पाठीतला. खायचा नव्हे.)

नणंद आतून ऐकत होती. पुण्यात दिलीय तिला. "वहिनी, इंग्रजीचं राहू द्या. तुम्ही बाजारातून आल्यावर 'मी आलो' म्हणता, त्याचं काय?"

खरंय. आम्ही कोल्हापूरच्या बायका आलो, गेलो, जेवलो असंच बोलतो. 'आले' फक्त लिहिण्यापुरतं. त्यात पोरानं तेल ओतलं, "जाणेचं 'जाला' का न्हाई गं?" मी कुकर घासायला उठलो.

इंग्रजीत दहापैकी आठ पडले. फुली मिळाली ती मराठीच्या वहीत. रिकामी जागा होती : सीता म्हणाली, "मी शाळेत ____." यानं भरलं होतं, 'गेलो'.

शाळा सुटताना फाटकात बाईंना गाठलं.

"'गेले' पाहिजे हो तिथं," बाई म्हणाल्या. "मी वर्गात दोनदा सांगितलो हुतो की!"