घोडा मलूल झाला म्हणजे रक्तच कमी झालं, असं नसतं

ठाणे-कळव्याकडच्या घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. थोडक्यात तो असा: "घोडा सुस्त झाला, मान टाकून उभा राहू लागला, की समजावं रक्त कमी झालं. लोहाचं टॉनिक सुरू करा. चंदी (घोड्याचा दाणा) आणि गूळ दुप्पट करा. रोज फिरवून अंग मोकळं करा. दमून आला असेल तर तासभर पाणी दाखवू नका. दाणा खातोय तोवर डॉक्टरची गरज नाही. दिवसा पेंगत असेल तर काळजी नको, घोडा उभ्यानंच झोपतो."

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका छोट्या पागेत मी घोडे सांभाळतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यानं जनावराचं नुकसान होऊ शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"रक्त कमी झालं" हा पहिला, कारण बाकीचा मेसेज यावरच उभा आहे. घोड्याचं रक्त कमी होतं, पण लोह कमी पडल्यामुळे फार क्वचित. गवतातून आणि कडब्यातून मोठ्या घोड्याला गरजेपेक्षा जास्तच लोह मिळतं. रक्त कमी होतं ते कुठेतरी वाहून जातंय किंवा शरीरातच नासतंय म्हणून. पोटात जंत असतात, गोचिडांमुळे बॅबेसिया किंवा थायलेरिया हा रक्तातल्या परजीवीचा आजार झालेला असतो, डांस (डास नव्हे, जनावरांना चावणारी मोठी माशी) चावून सर्रा हा तसाच दुसरा आजार झालेला असतो, नाहीतर एखादं जुनं दुखणं आतून पोखरत असतं. यातलं काहीच टॉनिकनं थांबत नाही. वर जास्तीचं लोह शरीराबाहेर टाकायची सोय घोड्याकडे जवळपास नाही, ते यकृतात साचत जातं. नवजात शिंगरांना लोहाचं औषध पाजल्यानं यकृत निकामी होऊन ती दगावल्याची नोंद पशुवैद्यकात आहे. लोहाच्या इंजेक्शननं तर मोठा घोडासुद्धा जागच्या जागी कोसळू शकतो.

कुणी म्हणेल, आमच्याकडे रिपोर्ट आहे, हिमोग्लोबिन कमीच आलंय. त्यांना माझा प्रश्न असा, की रक्त काढताना घोडा कसा होता? घोड्याच्या प्लीहेत लाल पेशींचा मोठा साठा असतो. घोडा बिथरला किंवा धावला की तो साठा रक्तात उतरतो आणि आकडा वर जातो. शांत उभा असला तर आकडा खाली दिसतो. एका कागदावरून निकाल लावू नये. रिपोर्ट वाचायचा तो ताप, हिरड्या, वजन हे सगळं शेजारी ठेवून.

"दाणा खातोय तोवर डॉक्टरची गरज नाही." मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते, कारण सर्रा झालेला घोडा बऱ्याचदा खात असतो. चंदी संपवतो आणि तरी बरगड्या दिसायला लागतात. हा आजार काही नवा नाही. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यानं डेरा इस्माइल खानला आजारी जनावरांच्या रक्तात त्याचा परजीवी पाहिला होता. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे डांस वाढतात. खाडीकाठची दलदल, येऊरच्या पायथ्याचं रान आणि शेजारी म्हशींचे गोठे, सगळं त्यांना सोयीचं. म्हशीच्या रक्तात हा परजीवी काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो. तिला चावलेला डांस तसाच उडून घोड्याला चावला की काम झालं.

सर्‍याचा ताप येतो आणि जातो. आज अंग तापलेलं, उद्या एकदम थंड, घोडाही जरा तरतरीत; मालकाला वाटतं टॉनिक लागू पडलं. काही दिवसांनी पुन्हा तेच. तोवर पायांवर आणि पोटाखाली सूज उतरते, हिरड्या फिक्या पडतात, चालताना मागचा भाग डुलायला लागतो. रक्तात परजीवी सापडण्याची शक्यता जास्त असते ती ताप चढलेला असताना. म्हणून सकाळ-संध्याकाळ ताप लिहून ठेवलेली वही पशुवैद्याला फार उपयोगी पडते. डॉक्टर येण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून फेनिलब्युटाझोनसारखं दुखण्याचं औषध देऊ नका. ताप दबतो आणि माग हरवतो.

ताप घेणं अवघड नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याला दोरा बांधा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि तो शेपटीच्या केसांना अडकवा, म्हणजे थर्मामीटर आत ओढला जात नाही की खाली पडून फुटत नाही. टोकाला व्हॅसलीन लावा. घोड्याच्या थेट मागे उभं राहू नका, मांडीला खेटून बाजूला राहा. उन्हातून किंवा कामावरून आल्या आल्या घेतलेला आकडा धरू नका. विसावलेल्या मोठ्या घोड्याच्या अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस असतं. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांनी लागते, मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडली की २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. दोन्ही कुशींना कान लावा, पोटात गुरगुर ऐकू यायला हवी. उभ्या उभ्या नाडी ६० च्या वर राहत असेल, पोट गप्प असेल, लीद थांबली असेल, तर तो पोटशूळ असू शकतो आणि मग तासांचा प्रश्न असतो. अशा वेळी बाटलीनं तेल ओतण्याचा सल्लाही हमखास मिळतो. तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात नळी घालायची ती पशुवैद्यानंच.

"चंदी आणि गूळ दुप्पट, आणि रोज फिरवा." इथं आपल्या लग्नाच्या घोड्यांचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो, वराती बंद होतात, घोडी तबेल्यात बांधलेली. काम नाही, पण तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) तसाच भरलेला. मग तुळशीचं लग्न झालं की एकदम एका रात्रीत दोन-दोन वराती. दाणा भरपूर आणि हालचाल शून्य अशा घोड्याला अचानक कामाला लावलं तर मागचे स्नायू आखडून दगडासारखे कडक होतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. हे स्नायू नासल्याचं लक्षण आहे. अशा घोड्याला "अंग मोकळं करायला" चालवलं तर स्नायू आणखी नासतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. त्याला आहे तिथेच उभा ठेवायचा.

दुसरा धोका खुरांचा. जास्तीच्या दाण्यानं आणि गुळानं खुराच्या आतले थर सुजतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो, वळायला नकार देतो, लोक म्हणतात सुस्त झालाय. खुराला हात लावून बघा, गरम लागेल. त्यालाही फिरवणं म्हणजे छळ आहे. काम नसलेल्या महिन्यांत दाणा कमी आणि चारा जास्त असा हिशेब हवा. दिवसाचा चारा वजनाच्या निदान दीड टक्का तरी पाहिजे, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला कोरडा चारा ६ किलो. घोडा धडधाकट असेल तर रोज थोडं हिंडवणं चांगलंच, पण ते आजारावरचं औषध नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात: दमलेल्या घोड्याला पाणी नाकारू नका. कामानंतर पाणी प्यायल्यानं पोट दुखतं हा जुना समज आहे. घोड्याच्या घामातून मीठ भरपूर जातं, त्यामुळे पाणी कमी पडूनही तहान लागत नाही. चंदीत साधं मीठ घाला. दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागतं, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात त्याहून जास्त.

याच महिन्यांत आणखी एक गोष्ट दिसते, जिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या हवेतून आणलेल्या काही मारवाडी-काठियावाडी घोड्यांचा घाम आपल्या दमट हवेत हळूहळू बंदच पडतो. भर दुपारी बाकीचे घोडे निथळतायत आणि हा कोरडा, नाकपुड्या फुगवून धापा टाकतोय, ताप ४० च्या घरात. हा घोडा आळशी नाही, त्याचं शरीर आतून तापतंय. सावली, पंखा आणि अंगावर सलग थंड पाणी, ताप उतरेपर्यंत. अंगावर गार पाणी टाकल्यानं घोडा आखडतो, ही भीती सोडा.

"घोडा उभ्यानंच झोपतो" हे अर्धसत्य आहे. डुलकी उभ्यानं लागते, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, दिवसातून थोडा वेळच, पण लागतंच. आपल्याकडे जागेची मारामार. पुलाखाली, भिंतीलगत, आखूड दोरानं बांधलेला, खाली ओली फरशी, शेजारी रात्रभर गाड्या. असा घोडा आठवडेच्या आठवडे आडवा होत नाही. मग दिवसा उभ्या उभ्या पेंगतो आणि पुढचे गुडघे अचानक मुडपतात. पुढच्या पायांचे खुरांवरचे सांधे समोरून बघा. तिथे खरचटल्याच्या जुन्या-नव्या खपल्या असतील तर रक्त तपासण्याआधी दोर लांब करा, खाली कोरडा भुसा पसरा आणि सकाळी अंगाला भुसा चिकटलाय का ते पाहा. सांधे दुखत असल्यामुळेही घोडा बसायचं टाळतो, तेही तपासून घ्या.

मलूलपणासोबत ताप, नाकातून घट्ट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर घरगुती काहीच करू नका. तो ग्लँडर्स हा जिवाणूंमुळे पसरणारा आजार असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि २००९ च्या कायद्यानुसार त्याची खबर सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला देणं बंधनकारक आहे. घोडा वेगळा बांधा, त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवा आणि मोतदाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) हातमोजे-मास्क द्या.

डॉक्टर मिळत नाही ही तक्रार खोटी नाही, घोड्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य आपल्या भागात थोडे आहेत. तरी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. आजारी घोडा टेम्पोत चढवून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये घालण्याआधी फोन करा. फोनवर "सुस्त आहे हो" एवढंच सांगू नका. सांगा: काल संध्याकाळी ताप ३९.२, आज सकाळी ३८.१, नाडी ५२, हिरड्या फिक्या, लीद रात्रीपासून नाही, पाणी अर्धी बादली, शेवटची वरात चार दिवसांपूर्वी.