एकटेपणा हा डॉलरचा माज नाही

‘अमेरिका श्रीमंतीने सडली’ अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने अमेरिकेत कोलंबस शहरात असलेल्या आपल्या मुलाला फोन लावला आणि रडत ‘नोकरी सोड, परत ये’ म्हणाली. म्हणून हे लिहितेय. फॉरवर्डचं म्हणणं असं: अमेरिकेत एकटं राहणं रोज १५ सिगारेटी ओढण्याइतकं घातक, मुलं म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात टाकतात, आणि हे सगळं पैशाच्या माजाने आणि मोबाइलच्या नादाने.

सिगारेटींची तुलना खरी आहे, एवढं मान्य. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्यावरचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती यांच्या मे २०२३ च्या अहवालात ती आहे. पण ती माणसांशी संबंध तुटण्याबद्दल आहे, घरात एकटं राहण्याबद्दल नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला जिवाभावाच्या मैत्रिणी असतात आणि भरल्या घरातली सून एकाकी असू शकते.

वृद्धाश्रमाचं तर धादांत खोटं. पासष्टीपुढच्या अमेरिकनांपैकी पाच टक्केसुद्धा नर्सिंग होममध्ये, म्हणजे शुश्रूषेची सोय असलेल्या तिथल्या वृद्धाश्रमांत, नाहीत. उलट त्याच अहवालानुसार एकाकी वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण तरुणांत म्हाताऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे.

खरा संताप आला तो ‘माज’ या शब्दाचा. अहवाल सांगतो, वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांत ६३ टक्के एकाकी. त्याहून जास्त कमावणाऱ्यांत ५३ टक्के. म्हणजे दुखणं गरिबाला जास्त, आणि वर शिवीही त्यालाच! इथे अमेरिकेत दुकानांत, हॉटेलांत तासांवर राबणाऱ्यांच्या पाळ्या बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर लावतं. गिऱ्हाईक किती येईल याचा अंदाज बांधायचा, त्याप्रमाणे माणसं बोलवायची, गर्दी कमी दिसली की ऐन वेळी पाळी रद्द. तेवढ्या तासांचे पैसेही गेले. माझी शेजारीण एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर असते. तिच्या फ्रिजवर पाळ्यांचा कागद असतो, पेन्सिलीने लिहिलेला. खोडून खोडून त्यातला रविवारचा चौकोन फाटलाय. रविवारी तिच्या चर्चची मंडळी एकत्र जेवतात. ‘येते’ असं तिने त्यांना सांगायचं तरी कसं? यात माज कुठे आहे? ओरेगन राज्याने २०१७ मध्ये यावर कायदा केला. मोठ्या दुकानांनी आणि हॉटेलांनी पाळ्या आता १४ दिवस आधी कळवायच्या, मागाहून बदलल्या तर भरपाई द्यायची. बहुतेक राज्यांत असं काहीच नाही. फॉरवर्डमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

मोबाइलचं म्हणाल तर अर्धं खरं. मित्रांबरोबर प्रत्यक्ष घालवलेला वेळ २००३ मध्ये दिवसाला सरासरी ६० मिनिटं होता, २०२० मध्ये २० उरला. २०२० हे कोरोनाचं वर्ष, पण घसरण आधीपासूनच होती आणि त्यात फोनचा वाटा असणारच. पण सगळं खापर त्याच्यावर फोडलं की कामाच्या तासांबद्दल बोलायला नको, हे सोयीचं पडतं.

ज्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आलाय, तिथेच हे टाका. ज्यांची मुलं इकडे आहेत त्या आयांना आधी पाठवा.