तो वाघ रक्षण करत नाहीये

परवा ताईने घरच्या ग्रुपवर एक मजकूर ढकलला आणि खाली लिहिलं, "पिंट्याच्या वक्तृत्व स्पर्धेला मस्त आहे." मजकूर असा: 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकाची चित्रं काढणारा जॉन टेनिएल हा साम्राज्याचा कट्टर विरोधक. १८५७ साली लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात त्याने ब्रिटिश सिंहापासून मायलेकराला वाचवणारा बंगालचा वाघ काढला. चिडलेल्या राणीने त्याचा डोळा काढवला. तरी तो मनाला येईल तेच काढत राहिला.

डोळ्याचं आधी उरकतो. १८४० साली, म्हणजे विशीत, वडिलांबरोबर तलवारबाजीचा सराव करताना त्याच्या उजव्या डोळ्याला इजा झाली आणि तो डोळा गेला. वडिलांना वाईट वाटेल म्हणून त्याने ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली. तेव्हा तो 'पंच'मध्ये नव्हताच. तिथे गेला १८५० च्या अखेरीस. उलट १८९३ साली याच व्हिक्टोरियाच्या राज्यात त्याला 'सर' किताब मिळाला. डोळा काढणारी राणी किताब कशाला देईल?

आता वाघ. माझं डोकं फिरलं ते इथे. २२ ऑगस्ट १८५७ चा 'पंच'चा अंक काढून बघा, इंटरनेटवर चित्र सहज सापडतं. वाघाच्या पायाखाली एक गोरी बाई आणि तिचं मूल पडलंय आणि सिंह वाघावर झेप घेतोय. शीर्षकाचं मराठी करायचं तर 'बंगालच्या वाघावर ब्रिटिश सिंहाचा सूड'. सूड! उठावात गोऱ्या बायकामुलांची कत्तल झाल्याच्या बातम्यांनी लंडन खवळलं होतं, त्या संतापाला टेनिएलने सिंहाचं तोंड दिलं. या चित्रातला वाघ रक्षण करत नाहीये, तो खुनी आहे आणि तो खुनी म्हणजे आपण. पुढच्याच महिन्यात त्याने न्यायदेवता काढली, तलवार उपसून शिपायांना कापत निघालेली. आणि पिंट्या व्यासपीठावर उभा राहून याला आपला कैवारी म्हणणार! त्याच वाक्याला टाळ्या पडतील, हे वर.

साम्राज्यविरोधाचं म्हणाल तर १८८२ चं 'आयरिश फ्रँकेन्स्टाइन' पाहा. आयरिश बंडखोर म्हणजे नुसता राक्षस.

बरं, एक अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. १८७६ साली ब्रिटनचा पंतप्रधान डिझरेलीने राणीला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' करायचं ठरवलं, तेव्हा टेनिएलने त्याला अल्लादिनच्या गोष्टीतल्या फेरीवाल्यासारखा, जुन्या मुकुटाच्या बदल्यात नवा मुकुट विकताना काढलं. थट्टा झालीच. पण ती डिझरेलीच्या चमचेगिरीची. हिंदुस्थान हातचा सोडा, असं त्यात कुठेही नाही.

'मनाला येईल ते' हेही असंच. समोर मॉडेल न बसवता तो काढायचा, हे खरं. विषय मात्र दर बुधवारी 'पंच'च्या मंडळींच्या जेवणावळीत ठरायचा. मग त्याने लाकडी ठोकळ्यावर चित्र रेखाटायचं आणि ते कोरायचं दुसऱ्याने. पन्नास वर्षं हा क्रम चालला, व्यंगचित्रं दोन हजारांवर गेली. याला बंडखोरी म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात. आणि त्याने ती चोख केली. 'ॲलिस'ची छपाई मनासारखी झाली नाही म्हणून पहिल्या दोन हजार प्रती मागे घ्यायला लावणारा माणूस होता तो. भाषण यावर लिही म्हणावं.

ताईला चित्र पाठवलंय. तिचं उत्तर आलं: "अरे, पण त्याचं पाठ झालंय आता."