सुनेनं बॉल घेऊन पळायचं कशासाठी?

यंदाच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात, दारव्हा तालुक्यात, रग्बीवरून मोठा वाद झाला. आईनं फोनवर सगळं सांगितलं. विषय एवढाच होता की जिल्हा परिषद शाळेचं पटांगण संध्याकाळी मुलींना द्यायचं का. बोलणं मात्र भलतीकडे गेलं. एकानं विचारलं, हातपाय मोडले तर लग्न कोण करेल? दुसऱ्यानं मुलींची बाजू घेतली: खेळू द्या, सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणात एखादी लागून जाईल. तिसरे म्हणाले, "आपली कबड्डी असताना गोऱ्यांचा खेळ काऊन पाहिजे बाप्पा?"

मी १२ वर्षांपासून न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनजवळ राहते. इथं बसून गावाला शहाणपण शिकवायची माझी इच्छा नाही. पण गावातल्या या रग्बी क्लबची सुरुवात मी रोज फोनवर ऐकली आहे.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या पी.टी.च्या सरांनी एक बॉल आणला. आठ पोरी जमल्या, त्यात माझी भाची. आधी पटांगणातला गोखरू वेचला, मग फक्कीनं रेषा मारल्या. पहिले दोन महिने टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला धरून खाली पाडणं, नाहीच. इथं लहान मुलं कमरेला पट्टी लावून खेळतात. ती ओढली की पकडलं असं धरतात. मी भाचीला ते सांगितलं, तर पोरींनी जुन्या ओढण्या फाडून पट्ट्या केल्या. टॅकल शिकल्या त्या नदीच्या रेतीत.

कबड्डीशी भांडण कशाला? रग्बीच्या सेव्हन्स प्रकारातही कबड्डीसारखे सातच खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. चढाईला आलेलीचा पाय धरायची सवय असलेली पोरगी खालून टॅकल लवकर शिकते. खांद्याच्या वर धरायला रग्बीत मनाईच आहे. आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली, तेव्हा ती तिथल्या लोकांना परकीच होती.

दुखापतीची भीती मात्र खरी आहे आणि त्यात मी आयांच्या बाजूनं आहे. इथं डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढतात, त्या दिवशी परत उतरू देत नाहीत. हा नियम गावात तंतोतंत पाळलाच पाहिजे, मॅच हरली तरी चालेल.

बायकांनी रग्बी खेळणं न्यूझीलंडलाही पहिल्यापासून मान्य नव्हतं. १८९१ मध्ये ऑकलंडच्या निटा वेब यांनी बायकांचा संघ उभारायला घेतला, तर एवढी टीका झाली की बेत सोडावा लागला. त्याच ऑकलंडमध्ये २०२२ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला ४२ हजारांवर लोक आले.

मला सगळ्यात लागलं ते नोकरीचं बोलणं, आणि ते तर बाजू घेणाऱ्याचं होतं. २०१९ मध्ये मनिलात भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पण आमच्या इथल्या क्लबात खेळणाऱ्या बहुतेक जणींना देशाची जर्सी कधीच मिळणार नाही. एक जण ४१ वर्षांची आहे. पहाटे गायींचं दूध काढते, मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सरावाला येते, तिचं बाळ रेषेबाहेर कुणीतरी सांभाळतं. शनिवारी मॅच झाली की दोन्ही संघ एकाच पंगतीला जेवतात. प्रमाणपत्र नाही, पगार नाही. आपल्याकडे याला हौस म्हणतात, पण बाईची हौस म्हणजे लुगडं नाहीतर डोहाळजेवण, एवढंच आपण धरून चाललो.

आमची वहिनी बारावीपर्यंत खो-खो खेळायची. लग्नानंतर चौदा वर्षं ती पळाली नव्हती. मुलीला सोडायला पटांगणावर जायची, थांबायची. एक दिवस सलवारचे पाय दुमडून आत उतरली. मग शेजारच्या दोघी आल्या. आता क्लबात सव्वीस जणी आहेत, त्यातल्या पाच गावच्या सुना.

माझ्या मते ग्रामसभेत खरी सल हीच होती. पोरींचं लग्न, नोकरी, कबड्डी, सगळं बोललं गेलं. सुनांचं नाव कुणी काढलं नाही. पोरगी खेळली तर चार वर्षांत सासरी जाईल. सून खेळली तर संध्याकाळच्या भाकरी कुणी थापायच्या हा प्रश्न रोजचा होतो. इथं मंगळवारी नवरा स्वयंपाक करतो, तो काही जन्मतः शिकून येत नाही.

मी स्वतः सहा वर्षं इथल्या मैदानाच्या कडेला उभी राहिले. दिवे, हिरवळ, क्लबचं घर, सगळं समोर होतं, तरी हे आपलं नाही असं वाटायचं. वहिनीचा व्हिडिओ आला, काळ्या मातीत पडून उठणारी वहिनी, आणि पुढच्याच मंगळवारी मी बूट घेतले.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय परत येणार आहे. पंचांना माझी विनंती आहे: आठवड्यातले दोन दिवस, साडेपाच ते सात, पटांगण क्लबला द्या आणि तसं ठरावात लिहा. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळ्या वावरातून उशिरा येतात, तेव्हा वेळ सहाची करा आणि शाळेच्या भिंतीवर एक हॅलोजन लावा. त्याचे पैसे मी पाठवते. दिवाळीत येताना चार बॉल आणि दातांना लावायचे सव्वीस माउथगार्ड आणतेय. वहिनीनं सगळ्यांची मापं कळवली आहेत.