साक्षीदाराचा दिवस

२०१७ साली आमच्या फाट्यावर एका टेम्पोने दुचाकीला उडवलं. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांना जबाब दिला.

समन्स आलं चार वर्षांनी. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. दुसऱ्या वेळी न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या वेळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, मोठा होता, पाच वाजले आणि पुढची तारीख पडली. दर वेळी दुकान बंद ठेवून, चाळीस किलोमीटर एसटीने जाऊन मी पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात उभा. बाकावर त्या मुलाची आई असायची. "आज होईल का हो, भाऊ?" एवढंच विचारायची.

माझी साक्ष झाली २०२४ मध्ये, सहाव्या तारखेला. उलटतपासात विचारलं, तुम्ही किती फुटांवर होता? मी वीस म्हणालो. जबाबात पन्नास लिहिलेलं होतं. झाली विसंगती! टेम्पो चुकीच्या बाजूने आला हे मला आजही डोळ्यांसमोर दिसतं, पण सात वर्षांनी फूट कुणाच्या लक्षात राहतात? आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या कलमाला, दंड संहितेच्या ३०४अ ला, जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची होती. खटला मात्र सात वर्षं चालला, आणि तेवढ्यात पुरावाच विरून गेला. याचा मला फार राग येतो.

न्यायाधीश कमी आहेत हे खरंच आहे. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं, आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. जागा भरायलाच हव्यात. पण साक्षीदाराचे हाल थांबवायला तेवढं थांबायची गरज नाही, कारण नियम आहेतच. साक्षीदार हजर असेल तर त्याची साक्ष घेतल्याशिवाय तहकुबी (सुनावणी पुढे ढकलणं) नको, द्यायचीच तर खास कारण लेखी नोंदवा, आणि तारीख मागणाऱ्याकडून खर्च वसूल करता येतो, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०९ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३४६ मध्ये आहे, आणि तिथे हाताबाहेरच्या कारणासाठीही दोनच तहकुब्यांची मर्यादा घातली आहे. व्हिडिओवरून साक्ष घ्यायचीही सोय त्या संहितेत आहे.

मग माझं म्हणणं एवढंच की हे पाळलं जातंय का ते मोजा. दर महिन्याला प्रत्येक कोर्टाने जाहीर करावं: किती साक्षीदार आले, किती जण साक्ष न देता परत गेले, कुणामुळे गेले. कोर्ट बसणार नसेल तर आदल्या संध्याकाळी साक्षीदाराच्या मोबाईलवर मेसेज यावा. एका दिवशी साठ प्रकरणं लावायची आणि सगळ्यांना अकरालाच बोलवायचं, हे बंद करून वेळ वाटून द्यावी. भत्ता त्याच दिवशी खात्यात जमा व्हावा, अर्जाच्या मागे फिरायला लावू नये. आणि साक्षीदाराला बसायला एक खोली द्या, जिथे आरोपीचे नातेवाईक त्याच्याकडे रोखून बघत उभे नसतील.

माझ्या मित्रयादीतल्या वकिलांना मनापासून विनंती: तुमच्या कोर्टात तहकुबीचा खर्च खरोखर साक्षीदाराच्या हातात पडलेला पाहिला असेल, तर कमेंटमध्ये लिहा. किती पडला तेही लिहा.