उलटवा आणि निवांत झोपा

विकिपीडियावर लेख लिहायचे असतात, असा एक गैरसमज नवख्या लोकांत असतो. लेख लिहिणे हे रिकामटेकड्यांचे काम. कर्तबगार माणूस तिथे जातो तो दुसऱ्याने लिहिलेले उलटवायला, म्हणजे त्याचा बदल रद्द करून आधीचे परत आणायला. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांसाठी काही उपाय देतो. अनुभव ताजा आहे आणि माझा आहे. कर्तबगारी अर्थातच दुसऱ्याची.

आधी एक पथ्य पाळा. खाते उघडू नका. खाते उघडले की लोक नावाने हाक मारतात, आणि मग उत्तर द्यावे लागते.

बदलांचा आढावा लिहायची चौकट रिकामी ठेवा. फारच ओशाळल्यासारखे झाले तर 'शुद्धलेखन' एवढे लिहा. तीन परिच्छेद उडवले तरी तो शुद्धलेखनाचाच भाग आहे.

'जागृत', 'सुप्रसिद्ध' आणि 'पंचक्रोशीतील' हे तीन शब्द प्रत्येक लेखात असलेच पाहिजेत.

समोरच्याचे आडनाव पाहा. पुढचे सगळे मुद्दे आपोआप सुचतील.

आता संदर्भांचे बघू. 'संदर्भ हवा' असा साचा, म्हणजे वाक्याला डकवायची तयार सूचना, कोणी लावला की साचा काढून टाका, वाक्य राहू द्या. हे मला आमच्या तालुक्यातल्या एका पडक्या शिवमंदिराच्या लेखावर शिकायला मिळाले. लेख दोन ओळींचा होता. पहिली ओळ, 'हे मंदीर हेमाडपंताने बांधले.' दुसरी ओळ, 'हे मंदीर पांडवांनी एका रात्रीत बांधले.' दोघी शेजारी शेजारी वर्षानुवर्षे सुखाने नांदत होत्या. मी मूर्खासारखा मध्ये पडलो. सभामंडप, खांब, द्वारशाखा म्हणजे दाराची कोरीव चौकट, गाभारा, बांधणीवरून काळ कोणता असावा याबद्दल अभ्यासकांची मते, हे सगळे पुस्तकांच्या पानांच्या आकड्यांसह लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख पुन्हा दोन ओळींचा. आढावा असा होता: 'इतिहासाची मोडतोड थांबवा'.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित. देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामदेवराय यांच्या दरबारातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. मध्ये दोनशे वर्षे गेली. तरी अंबरनाथचे देऊळही हेमाडपंतानेच बांधले असे छातीठोक सांगणारे भेटतात. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवायच्या पद्धतीला लोक हेमाडपंती म्हणू लागले, ठीक आहे, म्हणोत. पण त्यावरून प्रत्येक काळ्या दगडाच्या देवळावर त्या एकट्या माणसाला गवंडी म्हणून कामाला लावायचे? मोडी त्याने आणली, बाजरी त्याने आणली, शिवाय गावोगावची देवळेही त्यानेच बांधली. राज्याचा कारभार बघून, वर 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा धर्मशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ रचून, या माणसाला झोपायला वेळ कधी मिळत होता हे विचारायचे नाही. विचारले की तुम्ही महाराष्ट्रद्रोही.

हे सगळे मी चर्चा पानावर मांडले. हेन्री कझिन्स यांचे दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचे १९३१ सालचे पुस्तक दाखवले. उत्तर आले, 'इंग्रजाने लिहिलेला इतिहास आम्हाला शिकवू नका.' बरे, मराठी अभ्यासकांची पुस्तके दिली. 'पुस्तकात काहीही छापतात.' मग तुमचा संदर्भ काय, असे विचारल्यावर एका पर्यटनाच्या ब्लॉगचा दुवा आला. उघडून पाहिला. त्यात आमच्याच लेखातल्या दोन ओळी होत्या, 'मंदीर'मधल्या दीर्घ ईकारासकट!

तर वाचकहो, संदर्भ शोधू नका, पिकवा. आधी मनाला येईल ते लेखात लिहा. महाशिवरात्रीच्या सुमारास कोणत्या ना कोणत्या पुरवणीत ते उतरेलच. मग त्या पुरवणीचा दुवा लेखात लावा. झाले, विषय कायमचा मिटला.

इंग्रजी विकिपीडियावर असाल तर थोडे सांभाळून. एकाच लेखावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवले तर तिथे संपादनाला बंदी येते. तेव्हा तीन वेळा उलटवून झोपा, चौथ्यांदा दुसऱ्या दिवशी. घाई असेल तर चुलतभावाच्या नावाने खाते आहेच.

प्रचालकाने, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणाऱ्याने, आपली बाजू घेतली तर तो निष्पक्षपाती. नाही घेतली तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, जाऊन त्याच्याविरुद्ध पानभर लिहा, खाली सही करू नका.

आणि भांडतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मोठमोठे भांडले आहेत. इंग्रजी विकिपीडियावर भारतीय विषयांच्या लेखांत नावापुढे कोणत्या लिपीला आधी जागा द्यायची यावरून इतकी जुंपत असे, की शेवटी तिथल्या लोकांनी ठरवूनच टाकले, प्रस्तावनेत भारतीय लिप्याच नकोत. दह्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच हवा की नको, हा वाद तिथे वर्षानुवर्षे चालला आणि २०११ साली मिटला. हसू येते ना? पण तिथे दह्यावर भलामोठा लेख आहे हो! विरजण कसे लागते, कुठल्या देशात काय करतात, सगळे आहे. भांडता भांडता त्यांनी लेखही लिहिला. आपण दोन ओळींवर भांडतो आणि भांडण संपल्यावरही दोनच ओळी असतात.

आता उपाय पुरे. तुझ्याशीच बोलतो, उलटवणाऱ्या माणसा. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्याच्या कितीतरी आधी केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, छापखाना, कागद, पैसा, माणसे या सगळ्यांशी झगडत. तुला खिशातल्या फोनवर फुकट लिहायला मिळते, आणि तू काय केलेस? खोडलेस. एक ओळ स्वतःची लिहिली नाहीस, एक पुस्तक उघडले नाहीस. ग्रंथालय तालुक्यालाच आहे, बसस्टँडच्या मागे. तिथे गॅझेटियर मिळते. मागितले तर हाकलून देत नाहीत.

तू त्या गावचाच आहेस, तुझ्या लिहिण्यावरून कळते. मग मला एक सांग. गेल्या जीर्णोद्धारात सभामंडपाच्या खांबांना गुलाबी आणि पोपटी ऑइलपेंट फासला, द्वारशाखेवरची नक्षी बुजवली, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावल्या, तेव्हा तुला इतिहासाची मोडतोड दिसली नाही? तेव्हा वर्गणीच्या पावतीवर नाव छापून घेतलेस ना? मागच्या बाजूचे दोन खांब अजून रंगवायचे राहिलेत. पुढच्या उत्सवाआधी त्यांचे फोटो काढ. सकाळी काढ, ऊन तिरपे असते, कोरीवकाम नीट दिसते. स्वतः पुढ्यात उभा राहू नकोस, गूगलवरचे उचलू नकोस, आणि लेखात चढव. हेमाडपंताचे नाव हवेच असेल तर खाली लिही, 'गावकऱ्यांच्या समजुतीनुसार' म्हणून. मी उलटवणार नाही.